पुढची खोली

१

फरशी पुसायचं काम मेरेरिड बावीस वर्षं दोन टप्प्यांत करत आली होती. आधी काउंटरकडचा अर्धा भाग, मग खिडक्यांकडचा. मधे बादली उचलायची, शेकोटीच्या बाजूने वळसा घालायचा आणि पलीकडे नेऊन ठेवायची. असं का, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. जिला सकाळी नऊला राख काढायची असते, बिअरच्या नळ्या धुवायच्या असतात, नवऱ्याला उठवून, धुऊन, कपडे घालून खुर्चीत आणून बसवायचं असतं, तिला असले प्रश्न पडत नाहीत.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. बाहेर डोंगर पावसात बुडालेला, आत 'नांगर' पबमध्ये काल सांडलेल्या बिअरचा आंबूस वास. मेरेरिडची कंबर सकाळपासून धरली होती.

"गाई आल्या का?" शेकोटीजवळच्या खुर्चीतून इद्वलने विचारलं.

"आल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या आल्या, इद्वल."

गाई त्याच्या वडिलांच्या होत्या आणि त्यांना विकून पन्नास वर्षं झाली होती. नऊ वाजल्यापासून हा प्रश्न अकराव्यांदा आला होता. ती मोजत नसे, पण डोकं आपोआप मोजायचं.

तिने बादली उचलली आणि कंबरेत अशी चमक भरली की बादली हातातून सुटली. अख्खं पाणी फरशीवर पसरलं. ती काउंटरला धरून उभी राहिली आणि वाहत्या पाण्याकडे मख्खासारखी बघत राहिली.

पाणी दालनाच्या मधोमध जाऊन थांबलं. इकडच्या भिंतीपासून तिकडे सरळ, पट्टीने आखावी तशी त्याची कड झाली. फक्त शेकोटीजवळ दोन हात रुंदीच्या जागेतून ते पलीकडे गेलं होतं आणि तिथून पुढे पसरलं होतं.

फरशीला उतार असणार, तिने मनाशी म्हटलं. जुन्या घरांच्या फरशा कुठे एका पातळीत असतात? आणि पाणी कुठूनही गेलं तरी पुसायचं तिलाच होतं. तिने पुसलं.

२

गावातल्या प्रत्येक जुन्या इमारतीचा इतिहास एका पानात लिहून, चौकटीत लावून आत टांगायचा, असं ग्रामसमितीने ठरवलं होतं. 'नांगर'चं पान मेरेरिडकडे आलं होतं. ते वसूल करायला एमलिन मास्तर दुपारी आले. ते गावच्या शाळेतून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तर. रोजचा एक पाइंट बिअर आणि रोजचं एक व्याख्यान हा त्यांचा नेम होता.

"किती झालं लिहून?"

"दोन ओळी."

"बावीस वर्षं राहतेस इथे आणि दोन ओळी? माझ्या वर्गात असतीस तर कोपऱ्यात उभी केली असती."

"करा की. तेवढंच कुणी काम सांगणार नाही मला."

मास्तर हसले. त्यांनी कोटाच्या आतून एक घडी घातलेला कागद काढला आणि काउंटरवर पसरला. तो घराचा जुना आराखडा होता. दगडाच्या खाणीवरच्या मुकादमासाठी बांधलेलं हे घर. मुकादम खाणीतल्या अपघातात गेला, तेव्हा त्याच्या बायकोने मागच्या स्वयंपाकघरातून खाणकामगारांना बिअर विकायला सुरुवात केली. हळूहळू स्वयंपाकघराचा बार झाला आणि चूल होती तिथे शेकोटी.

"आणि हे काय?" मेरेरिडने आराखड्यावर बोट ठेवलं. दालनाच्या मधोमध एक जाड रेघ होती.

"भिंत. पलीकडे पुढची खोली. तुझ्या माहेरी होती ना तशी?"

होती. कुणाच्या घरी नव्हती? सगळ्यात चांगली खुर्ची, सगळ्यात चांगलं घड्याळ, लेसचा पडदा, आणि दार कायम बंद. आई आत पाऊल टाकू द्यायची नाही. चॅपलचे पाद्री आले तर ती खोली उघडायची.

"पाद्री आले तर," ती म्हणाली.

"नाहीतर घरातलं कुणी गेलं तर. तीन दिवस शवपेटी तिथेच. आजूबाजूचे येऊन बसायचे, टोप्या मांडीवर घेऊन." मास्तरांनी घोट घेतला. "ही भिंत अठ्ठ्याहत्तर साली माझ्या मामाने पाडली. उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना जागा पुरेना. घरवाल्या म्हातारीला ते पसंत नव्हतं. म्हणायची, त्या खोलीत पिऊ नका, ती बसायची खोली नाही. पण तिचं ऐकतो कोण?"

"दार कुठे होतं, मास्तर?"

मास्तरांनी शेकोटीच्या अलीकडची जागा दाखवली. मेरेरिड म्हणाली, "लोक अजून तिथूनच जातात. बघा तुम्ही. आडवं कुणी जात नाही."

"सवय, दुसरं काय?"

"आम्ही आलो तेव्हा भिंत नव्हती. मला कुणाची सवय लागली?"

"बाकीच्यांची. आपल्याकडच्या मेंढ्या बघितल्यास ना? पहिली जिथून वळते तिथून सगळ्या वळतात. माणसं काय वेगळी असतात?"

हे पटण्यासारखं होतं. तिने ते पटवून घेतलं. मास्तर पाइंट घेऊन खिडकीजवळच्या टेबलाकडे निघाले आणि शेकोटीच्या बाजूने वळसा घालून गेले.

३

शनिवारी हॉलंडची बारा माणसं आली. डोंगरावर फिरायला आलेली, नखशिखांत भिजलेली, गावात पहिल्यांदाच पाऊल टाकणारी. त्या वेळी पबमध्ये दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. जिच्यामागून जावं अशी मेंढी नव्हती.

मेरेरिडने त्याआधी एक काम करून ठेवलं होतं. कंबर मोडून तिने टेबलं हलवली होती. दालनाच्या मधोमध रुंद वाट मोकळी सोडली होती आणि शेकोटीजवळच्या जागेत मुद्दाम एक स्टूल आडवं ठेवलं होतं. आपण हे का करतो आहोत याचं तिला स्वतःलाच हसू येत होतं. पण एकदा डोक्यात शिरलेलं निघत नाही.

बारा जणांनी पाइंट घेतले. खिडकीजवळची टेबलं रिकामी दिसत होती, मधली वाट मोकळी होती. पहिल्या बाईने शेकोटीकडे वळून स्टूल हाताने बाजूला सारलं आणि ती पलीकडे गेली. दुसरी थांबली आणि मागच्या माणसाला म्हणाली, "तुम्ही आधी." तो म्हणाला, "नाही, तुम्ही." दोघं थोडे संकोचले, मग एकामागून एक गेले. शेवटचा माणूस फार उंच होता. त्या जागेशी येताच त्याने मान खाली घातली, पलीकडे गेला आणि मान पुन्हा वर केली.

त्याच्या डोक्यावर दोन फूट मोकळी हवा होती.

काउंटर पुसता पुसता मेरेरिडचा हात थांबला. मग तिने नेहमीसारखी कारणं शोधायला घेतली. शेकोटीचा उजेड तिकडे असतो, ओला माणूस उबेकडे वळणारच. उंच माणसांना जुन्या घरात वाकायची खोडच असते. दोन्ही कारणं ठीक होती. ती आणखी एखादं शोधणार होती, तेवढ्यात मागून हाक आली.

"मेरेरिड. मेरेरिड. मेरेरिड."

"आले रे."

इद्वलने पॅन्ट ओली केली होती. पलीकडे बारा माणसं लीकची पात घातलेल्या मटणाच्या सुपाची वाट बघत होती. भिंतीचा विचार करायला तिला पुढे चार दिवस फुरसत मिळाली नाही.

४

इद्वल तीन वर्षं आजारी होता. आधी अर्धांगाचा झटका आला, मग विस्मरण. झटक्यानंतर इस्पितळात त्याने तिचा हात घट्ट धरला होता आणि वाकड्या झालेल्या तोंडाने म्हणाला होता, "मला परक्या खोलीत टाकू नकोस." तिने शब्द दिला होता. तेव्हा शब्द द्यायला काही लागलं नव्हतं.

धाकटी बहीण नेरिस दर रविवारी फोन करायची. "ताई, अगं त्या वृद्धाश्रमात चांगली सोय आहे. नर्स आहेत, आंघोळी घालतात, गाणी म्हणतात. स्वतःकडे बघ जरा. आवाज कसा झालाय तुझा."

"मी शब्द दिलाय."

"शब्द देताना हे असं होईल हे माहीत होतं का तुला?"

"त्याला तरी कुठे माहीत होतं?"

त्याच्यावर तिचं प्रेम होतं. यात तिला कधी शंका वाटली नाही. ज्या माणसाने तिला हसवत हसवत हा पब नावारूपाला आणला, जो प्रत्येक गिऱ्हाइकाला नावाने हाक मारायचा, त्याच्यावर होतं. पण हा खुर्चीतला माणूस दर तीन मिनिटांनी तिला हाक मारायचा, आणि हाकेसरशी तिचे खांदे वर यायचे. झोपेतसुद्धा यायचे. तीन वर्षांत तिने एक कप चहा गरम असताना संपवला नव्हता.

त्या बुधवारी दुपारी तळघरात बिअरचं पिंप बदलायचं होतं. शेकोटीजवळ त्याला एकटं ठेवणं धोक्याचं होतं, म्हणून तिने त्याला उठवलं, वळसा घालून पलीकडे नेलं आणि रस्ता दिसेल असं खिडकीजवळ बसवलं. पिंप बदलून ती वर आली. मग तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. थोड्या वेळाने उमगलं की घड्याळ टिकटिकतंय. हे घड्याळ आवाज करतं हे ती विसरून गेली होती.

इद्वल हाक मारत नव्हता.

तिने घाईने बघितलं. तो खुर्चीत ताठ बसला होता, हात गुडघ्यांवर. ओठ हलत होते. पंधरा पावलांवरच्या माणसाचा आवाज तिला ऐकू यायला हवा होता. पण तो दाबल्यासारखा येत होता, शेजारच्या घरात कुणी बोलावं तसा.

तिने चहा केला. उभ्या उभ्या प्यायला, गरम. डोळ्यांत पाणी आलं, इतकं बरं वाटलं.

५

मग तो रोजचाच नेम झाला. दुपारी तीन ते पाच पब बंद असायचा. त्या दोन तासांत ती इद्वलला खिडकीजवळ बसवायची आणि काउंटरशी बसून ग्रामसमितीचं पान लिहायची. कधी नुसतीच बसायची.

तिकडे बसायचं म्हटलं की तो आपणहून उठायचा. एके दिवशी त्याने काळा कोट मागितला. दुसऱ्या दिवशी केस विंचरून मागितले. ती त्याला परत न्यायला गेली की तो तिच्याकडे पाहुण्यासारखा बघायचा, मग अदबीने म्हणायचा, "यांना चहा दिलात का?"

"कुणाला?"

"हे सगळे आलेत ना. किती वेळ ताटकळत ठेवायचं लोकांना? कधी निघायचं, विचारतायत."

भिंतीकडेच्या बाकांवर कुणी नव्हतं. ती तिकडे बघायचं टाळायची, हेही खरं. त्याचे हात बर्फासारखे गार झालेले असायचे. शेकोटी धडधडत असायची, पण तिची ऊब मधल्या रेषेपलीकडे जात नव्हती. ती ते हात चोळत, त्याला इकडे आणायची. आधी इकडे आल्यावर तासाभरात पुन्हा गाई सुरू व्हायच्या. मग त्या सुरू व्हायला रात्र होऊ लागली. मग गाई बंदच झाल्या. आणि एका रात्री जेवण भरवताना तिच्या ध्यानात आलं की त्याने गेल्या आठवड्यात एकदाही तिचं नाव घेतलेलं नाही. ज्या हाकेने ती मेटाकुटीला आली होती ती हाकच गेली होती.

"मी कोण आहे, इद्वल?"

तो ओळखीचं हसला. "तुम्ही इथल्याच ना?" म्हणाला.

त्या रात्री ती रडली आणि उद्यापासून त्याला तिकडे बसवायचं नाही असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने ते पाळलं. तोवर त्याने दोनदा कपडे खराब केले, एकदा तिच्या तोंडावर चमचा फेकला. तीन वाजता तिने त्याला उठवलं आणि पलीकडे नेलं.

पुढच्या सोमवारी तीननंतर, पब बंद असतानाच एमलिन मास्तर आले आणि त्यांनी पान वाचायला घेतलं. चष्मा नाकावर सरकवून ते वाचत गेले. "छान लिहिलंयस की. मुकादम आहे, बायको आहे, माझा मामा आहे..." मग थांबले. "हे काय? 'पुढची खोली आजही वापरात आहे.' अगं, खोली आहेच कुठे?"

मेरेरिडने पान हातात घेतलं. अक्षर तिचंच होतं. लिहिल्याचं आठवत नव्हतं.

"चुकून झालं असेल, मास्तर. दमलेय मी."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. त्यांचं व्याख्यान त्या दिवशी झालं नाही. खिडकीजवळ जाऊन ते इद्वलसमोर थोडा वेळ बसले आणि लवकर परत आले. चेहरा उतरला होता.

"त्याला तिकडे का बसवतेस?"

"शांत राहतो."

"मुली, इकडेच बसव त्याला. शेकोटीजवळ. कटकट करू दे." त्यांनी अर्धा पाइंट तसाच सोडला. "मी काय म्हणतोय ते मलाही नीट सांगता येत नाही. पण तो तिथे माझ्याशी बोलत नव्हता. मी समोर होतो, आणि तो माझ्या दोन्ही बाजूंना बघून बोलत होता. आळीपाळीने."

"बसवीन इकडे," मेरेरिड म्हणाली. "उद्यापासून."

६

दुसऱ्या दिवशीही तीन वाजता तिने त्याला पलीकडे नेलं. फक्त आजचा दिवस, तिने स्वतःला सांगितलं. रात्रभर ती जागी होती, कंबर जळत होती आणि तिला दोन तास हवे होते. दोनच. यात फार मागितलं असं तिला वाटत नव्हतं.

त्याला बसवून, कोटाची बटणं लावून ती इकडे आली. चहा केला. काउंटरमागच्या खुर्चीत बसून पाय स्टुलावर घेतले. घड्याळ टिकटिकत होतं. बाहेर पाऊस होता, पण खिडक्यांवरचा त्याचा आवाज येत नव्हता. खिडक्या तिकडे होत्या.

"मेरेरिड."

ती दचकली. आवाज स्वच्छ होता. गेल्या तीन वर्षांतला अडखळता आवाज नव्हे, त्याआधीचा. काउंटरमागून तिला चिडवणारा, गिऱ्हाइकांसमोर तिला 'मालकीणबाई' म्हणणारा.

"मेरेरिड, अगं, मला इथे थंडी वाजतेय. ने ना मला."

तिने कप खाली ठेवला आणि उठली. त्याने नाव घेतलं होतं. तो आत कुठेतरी होता, अख्खाच्या अख्खा होता आणि तिला ओळखत होता. ती सरळ त्याच्याकडे निघाली, आणि दालनाच्या मध्यावर आल्यावर पाय नेहमीप्रमाणे शेकोटीकडे वळले.

तिथे पोचल्यावर ती थांबली. तिच्या उजव्या हातात काहीतरी गार आलं होतं. गोल, गुळगुळीत, पितळेचं असावं असं. तिने हाताकडे बघितलं नाही. समोर बघितलं.

दोन हात रुंदीच्या जागेतून जेवढं दिसावं तेवढंच दिसत होतं. खिडकीवर लेसचा पडदा होता, तिने कधी न लावलेला. काळे बूट दिसत होते, टाचा जुळलेल्या, टोकं वर छताकडे. आणि पलीकडच्या भिंतीला लागून गुडघ्यांची एक रांग. प्रत्येक जोडीवर एक टोपी ठेवलेली. त्यांतली एक टोपी कुणीतरी सावकाश, बोटाबोटाने फिरवत होतं, कंटाळलेली माणसं फिरवतात तशी.

"मेरेरिड, ये ना गं."

दोन पावलं टाकायची होती. आत जायचं, त्याला उठवायचं, इकडे शेकोटीजवळ आणायचं. हात चोळायचे. मग पॅन्ट बदलायची. मग बटाटा कुस्करून भरवायचा. मग गाई. सगळ्या आल्या का, सगळ्या आल्या. मग रात्री दोनदा उठायचं, मग सकाळी नऊ, मग राख. तिला हे सगळं एकदमच दिसलं, समोरच्या बुटांपेक्षा जास्त स्पष्ट.

"आले हं," ती म्हणाली. "एवढा चहा पिऊन आलेच."

आणि तिने हात आपल्याकडे ओढला. जोर लावावा लागला नाही. लाकूड चौकटीत बसल्याचा आणि कडी पडल्याचा आवाज झाला, अगदी हलका. घरात कुणी झोपलेलं असताना दार लावतात तसं तिने लावलं होतं.

त्यानंतर हाक आली नाही. ती परत जाऊन खुर्चीत बसली, तोंड शेकोटीकडे करून. चहा अजून गरम होता. तिने तो शेवटपर्यंत प्यायला. मग नुसतीच बसून राहिली. आता कुणीतरी येईल आणि आपल्याला रागावेल, असं तिला सारखं वाटत होतं. पाच वाजले. सहा वाजले. बाहेर कुणीतरी पबचं दार दोनदा ठोठावून निघून गेलं.

कुणीच रागावलं नाही.